लिंबाजीच्या ध्यानात राहिलं

बालाघाटाच्या डोंगरात पांगरखडा नावाचं गाव आहे. तिथं लिंबाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गाव दुसरा शब्द वापरायचं.

बायकोचं नाव आसराबाई. दोघं दरसाल दिवाळी झाली की कारखान्यावर ऊसतोडीला जायची. पोरगी गोदा बरोबर जायची, आणि तिची शाळा पाठीमागं राहायची. गेल्या हंगामात कोयता निसटला आणि आसराबाईच्या पायावर बसला. जखम भरली, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. लांब चाललं की ठणकायचा. तरी यंदा पुन्हा जायचंच होतं. न जाऊन खाणार काय?

अशात एक संस्था गावात आली. संस्थेचे साहेब पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "प्रत्येक गरीब घराच्या खात्यात आम्ही पैसे टाकणार. परत मागणार नाही. कशाला वापरायचे ते तुमचं तुम्ही ठरवा."

इतक्या वर्षांत 'तुमचं तुम्ही ठरवा' असं गावाला कुणी म्हटलं नव्हतं.

माणिकअण्णांना मात्र हे पटलं नाही. अण्णा म्हणजे गावचे जुने सरपंच. त्यांनी एकाच विहिरीचं अनुदान तीनदा उचललं होतं, आणि ती विहीर अजून कुणाला सापडली नव्हती. ते म्हणाले, "साहेब, गरिबाला फुकटचा पैसा पचत नाही. हे लोक दारू पितील."

साहेब हसले आणि गेले. पैसे आले. एकानं पिठाची गिरणी टाकली. एकीनं गहाण पडलेलं डोरलं सोडवलं. एका म्हातारीनं घराला दार बसवलं आणि दिवसभर ते उघडून लावून बघत बसली. या सगळ्या गडबडीत दारू प्यायला कुणाला सवड झाली नाही. अण्णांची फार निराशा झाली.

आसराबाईनं आपलं आधीच ठरवलं होतं. एक दुभती शेळी, घरावर पत्रे आणि एक शिलाई मशीन. शिवायला ती माहेरीच शिकली होती. मशीन आली की ऊसतोड सुटली, आणि गोदाची शाळाही सलग झाली. आता अडचण एकच होती. पाय दुखत असल्यामुळं बाजाराला लिंबाजीला पाठवावं लागणार होतं.

ती म्हणाली, "आवं, बँकेतनं पैसे काढून आणा. वाटंत लोक लई वंगाळ असत्यात. पैशावरला डोळा हलू देऊ नका."

लिंबाजी म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. लिंबाजीची खोड हीच होती. तो कधी काही विसरायचा नाही.

बँकेतून पैसे मिळताच त्यानं नोटा दोन्ही हातांनी डोळ्यांपुढं धरल्या आणि तसाच निघाला. समोरचं काही दिसेना. तो एका म्हशीला धडकला, तिला म्हशीचा मालक समजून रामराम केला आणि पुढं गेला. सगळा बाजार बघत राहिला. गावात शिरेपर्यंत निम्मं गाव मागून यायला लागलं होतं. ज्यांनी कधी पाणी विचारलं नव्हतं, असे पाहुणे त्या दिवशी चहाला आले. साखर संपली, तरी पाहुणे संपेनात.

सगळे गेल्यावर आसराबाईनं कपाळाला हात लावला. "आवं, असली चीज अशी आणत्यात व्हय? घोंगड्यात गच्च गुंडाळावी. काखंत मारावी. कुणी इचारलं तर म्हणावं, काईच न्हाई."

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला.

पुढच्या बाजारी तिनं त्याला शेळी आणायला पाठवलं. लिंबाजीनं शेळी छान निवडली. जनावर त्याला कळायचं. मग त्यानं तिला घोंगड्यात गच्च गुंडाळलं, काखेत मारलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. शेजारी नेमके माणिकअण्णा. पांढराशुभ्र पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी.

अण्णा म्हणाले, "काय आणलं रं लिंबाजी?"

"काईच न्हाई."

थोड्या वेळानं घोंगडं म्हणालं, "बें."

"काय वरडलं?"

"काईच न्हाई."

"आरं, काईच न्हाई ते बें कसं करंल?"

लिंबाजीनं विचार केला. हे त्याला शिकवलेलं नव्हतं. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "काईच न्हाई."

आणखी थोड्या वेळानं अण्णा दचकून उठले. त्यांच्या पायजम्यावरून ऊन ऊन ओघळ खाली चालला होता. "आरं, हे काय?" ते ओरडले.

"अण्णा," लिंबाजी कळवळून म्हणाला, "खरंच सांगतो, काईच न्हाई."

घरी घोंगडं सोडलं तेव्हा शेळी लोळागोळा झाली होती. आसराबाईनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, मांडीवर घेऊन वारा घातला. बऱ्याच वेळानं शेळीनं डोळे उघडले, आणि समोर लिंबाजी दिसताच पुन्हा मिटले.

"आवं, जीव घेतला असता की तिचा!" आसराबाई म्हणाली. "असल्याला गळ्याला दावं बांधावं. भुईवरनं चालवत आणावं. म्होरं हिरवा पाला धरावा. दमलं की सावलीला बसवावं."

"ध्यानात ठेवतो."

मग पत्र्यांची पाळी आली. दुकानदार म्हणाला, "गाडी करून देऊ?" लिंबाजी म्हणाला, "नको, चालवत नेतो." त्यानं पत्र्यांना दावं बांधलं आणि नव्या डांबरी रस्त्यावरून ओढायला सुरुवात केली. असा आवाज उठला की वाटेवरच्या वस्तीतली सगळी कुत्री मागं लागली. लिंबाजी मधूनच मागं वळायचा आणि पत्र्यांपुढं सुबाभळीचा पाला धरायचा. पत्रे खात नव्हते. पाल्याला बाजारची धूळ लागली असेल, असं त्याला वाटलं. एका कडुलिंबाखाली तो त्यांच्याजवळ बराच वेळ बसला. इतकी न थकणारी जात त्यानं पाहिली नव्हती.

पत्रे गावात पोहोचले आणि त्यांच्याबरोबर रस्ताही पोहोचला. जिथून पत्रे गेले, तिथलं डांबर सोलून निघालं होतं आणि खाली नुसती माती होती.

माणिकअण्णा तरातरा आले. रस्ता त्यांच्या पुतण्यानं केलेला. "सरकारी रस्ता खरवडला यानं! भरून घेतो की न्हाई बघा!"

पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "अण्णा, पत्र्यानं डांबर निघतंय, मग ट्रकनं काय व्हईल?"

अण्णांना एकदम काहीतरी काम आठवलं आणि ते निघून गेले.

खालचे पत्रे झिजून त्यांची चाळण झाली होती. ते शेळीच्या गोठ्याला गेले. वरचे धड होते, ते घरावर चढले. आसराबाई म्हणाली, "आवं, असलं सामान डोक्यावर घेऊन यावं. आलं की लगीच घरावर चढवावं. वर मोठमोठे धोंडे ठिवावेत. मंग वारं उडवत न्हाई."

लिंबाजीनं मान हलवली. गोठ्याच्या चाळणीकडं बघत तो म्हणाला, "आगं, मी सगळं तू सांगती तसंच करतो. मंग हे असं का व्हतंय?"

आसराबाईला हसू आलं आणि रडूही आलं. ती म्हणाली, "व्हईल बरूबर. आता मशीन तेवढी आणा. तिच्यावरच समदं हाय."

तिच्यावरच सगळं आहे, हेही लिंबाजीनं ध्यानात ठेवलं. मशीन त्यानं बाजारातून डोक्यावर आणली. मान आखडली, पण कुठं टेकवली नाही. घरी आल्यावर शिडी लावून छपरावर चढवली. तिच्यावरच सगळं आहे म्हणून धोंडे नेहमीपेक्षा मोठे निवडले. आसराबाई पाणी घेऊन आली तर छपरावर लिंबाजी बसलेला, आणि शेजारी धोंड्यांचा ढीग.

"मशीन कुठाय?" तिनं विचारलं.

"येऊ दे आता कसलं बी वादळ!" वरून लिंबाजी म्हणाला.

शेजाऱ्यांनी मशीन खाली उतरवली. चाक फिरेना. आत सगळी खडी गेलेली. आसराबाई उंबऱ्यावर बसून मशीनकडं बघत राहिली. तिला उसाच्या फडातला कोयता दिसायला लागला. मग तिनं पदर खोचला. मशीन उघडली, पुसली, बाटलीतलं तेल थेंब थेंब सोडलं. मशीन आधी कुरकुरली, मग हळूहळू चालायला लागली.

लिंबाजी टक लावून बघत होता. ती म्हणाली, "बघा नीट. नाजूक चीज अशी संभाळावी. घरात घ्यावी. फडक्यानं पुसावी. सांध्यासांध्यात तेल सोडावं. कुरकुर केली की आणखी तेल सोडावं. वरनं कापड झाकावं, अन् मी आल्याबिगर कुणाला हात लावू देऊ नये."

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला.

मशीन चालली. आधी झंपर आले, मग शाळेचे गणवेश आले. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीचा मुकादम हंगामाची आगाऊ उचल द्यायला दारात उभा राहिला, तेव्हा आसराबाईनं शिवता शिवताच नकाराची मान हलवली. मुकादम दुसऱ्या घराकडं वळला. लिंबाजी किती तरी वेळ त्याच्या पाठीकडं बघत होता. शाळेतून आलेली गोदा शेळीला पाला घालत होती. दिवाळीनंतरही ती गावातच राहणार, असं यंदा पहिल्यांदाच होणार होतं.

दिवाळीनंतर संस्थेचा निरोप आला की, मदतीनं घरं कशी सुधारली ते बघायला शहरातून मोठे साहेब येणार आहेत आणि पहिलं घर लिंबाजीचं बघणार आहेत. त्यांना पटलं तर डोंगरापलीकडच्या वाड्यांनाही मदत मिळणार होती. आसराबाईनं घर सारवलं. पण गणवेश त्याच दिवशी शाळेत द्यायचे होते. जाता जाता ती म्हणाली, "सायब आलं तर बसवा. मी आलेच. अन् जरा जपून हं, शहरातली माणसं लई नाजूक असत्यात."

"नाजूक?" लिंबाजीनं विचारलं.

"लई नाजूक."

"मंग काळजी करू नको," लिंबाजी म्हणाला.

साहेब आले. लिंबाजीनं त्यांना घरात घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि फडक्यानं पुसायला सुरुवात केली. आधी तोंड, मग मान, मग चष्मा. साहेब गोंधळले. पण स्थानिक परंपरांचा आदर करावा, असं त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यांनी आदर केला.

ते म्हणाले, "बरं, या अर्थसाहाय्यानंतर आपल्या जीवनमानात काय परिवर्तन जाणवतं?"

लिंबाजीनं बाटली काढली आणि त्यांच्या कोपरात तेल सोडलं.

"हे काय?"

"सांधा हाय न्हवं?" लिंबाजी म्हणाला, आणि दुसऱ्या कोपराकडं वळला. मग गुडघे झाले. मग मानेचा सांधा.

"अहो, शर्ट नवा आहे," साहेब हळूच म्हणाले.

कुरकुर. लिंबाजीनं आणखी तेल सोडलं.

"अहो, पुरे! काय चाललंय काय!"

जास्त कुरकुर. लिंबाजीनं जबड्याच्या सांध्यावर धार धरली. साहेबांनी तोंड घट्ट मिटलं, कारण उघडलं की तेल आत जात होतं. उठायला गेले, तर उसाच्या मोळ्या उचलणारा हात खांद्यावर होता. लिंबाजीनं वरून फुलाफुलांची चादर झाकली आणि दारात राखणीला बसला. आत अगदी सामसूम झाली. लिंबाजीला समाधान वाटलं.

तेवढ्यात माणिकअण्णा हार घेऊन आले. "सायब कुठं हायेत?"

"झाकून ठिवलेत."

अण्णांनी चादर पाहिली. साहेब विश्रांती घेत असावेत, असं समजून ते दारातूनच सुरू झाले. "सायब, तुमची फसवणूक झाली! या लोकांना पैशाचं काय कळतंय? पुढची मदत आमच्या हातात द्या. आम्ही समिती करू, माझा पुतण्या अध्यक्ष राहील, योग्य माणसाला योग्य वेळी देऊ. हे लोक आळशी, हे लोक अडाणी..."

लिंबाजी कान देऊन ऐकत होता. असली कुरकुर त्यानं कुठल्याच यंत्राची ऐकली नव्हती. तो बाटली घेऊन उठला.

आसराबाई लंगडत लंगडत परत आली, तेव्हा दारात हार पडला होता. खुर्चीवर एक चादर होती, आणि चादरीखालून चार पाय दिसत होते. दोन बुटातले, दोन चपलेतले. चारही पायांवरून तेल ठिबकत होतं. बुटातले गप्प होते. चपलेतले अजून हलत होते आणि चादरीतून "सोड... समिती... बघून घेतो..." असं काहीबाही येत होतं.

"आवं," आसराबाई म्हणाली, "काय केलंत हो हे?"

लिंबाजीनं रिकामी बाटली तिच्या हातात दिली.

"बरं झालं आलीस. सायब एका बाटलीत गप झाले. पण अण्णांचं यंत्र लई जुनं दिसतंय. घाण्यावरनं तेलाचा डबाच घेऊन ये!"