बंदुकीच्या नळीतली मुंगी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन्‌अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे मी नव्हतो, माझे पणजोबा होते. आणि तेही दाराबाहेर उभे होते.

तर कुंभारगडच्या उदाजीराव महाराजांनी नव्या कारखान्यातली बंदूक उचलली, नळीत डोळा घातला आणि भडकले. आत गिरमिटाचे ओरखडे, नांगरलेल्या शेतासारखे! कारखान्याचा भिवजी मिस्त्री आणि त्याची लेक गोजरा यांनी तेल आणि कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड घालून सगळ्या नळ्या आतून घासल्या. हात सोलवटले, पण ओरखडे गेले. महाराजांचं समाधान मात्र होईना. उद्या नळी उभी धरा, वरच्या तोंडाशी गूळ लावा, खालच्या तोंडातून मुंगी सोडा, असं त्यांनी फर्मावलं. मुंगी घसरली तर नळी मंजूर. गुळापर्यंत पोचली तर भिवजीनं बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर जायचं.

मुंगी भिंतीवर चढते, आरशावर चढते. नळीत कशी घसरेल? भिवजी घरी येऊन भांडी बांधायला लागला. गोजरा म्हणाली, "आबा, परात राहू द्या. उद्या भाकरी थापायची आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं दरबारात गेली. महाराजांची दाढी नुकतीच उरकली होती, न्हावी वस्तरा पुसत होता. मुंगी सोडली. ती रमतगमत नळीतून गेली आणि गुळाला चिकटली. हद्दपारीचा हुकूम वाचायला दिवाणजींनी घसा खाकरला.

गोजरा पुढं झाली. नळी खरखरीत, मान्य आहे म्हणाली. पण सरकारांना गुळगुळीत म्हणजे कसं हवंय, त्याचा नमुना तरी एकदा दाखवावा.

महाराजांनी ऐटीत गालावरून हात फिरवला. "हा बघ नमुना. लोणी आहे लोणी."

"मग इथं मुंगी घसरायला हवी, सरकार."

दिवाणजी तिला मागं हटवायला निघाले. पण महाराज हट्टाचे! त्यांनी स्वतःच कानाजवळ गुळाचं बोट लावून घेतलं आणि हनुवटीवर मुंगी ठेवायला लावली. मुंगी निघाली. महाराजांना गुदगुल्या होत होत्या, पण भर दरबारात राजानं अंग हलवायचं कसं? मिशीच्या टोकाला वळसा घालून, गालावर जरा विसावा घेऊन मुंगी कानाशी पोचली. न्हाव्याच्या हातून दाढीच्या पाण्याची वाटी पडली.

"आता बिऱ्हाड कुणाचं उठवायचं, सरकार?" गोजरानं विचारलं. "आबांचं, का या न्हावीकाकांचं? आणि दोघांचंही नको असेल, तर एवढंच सांगा. लढाईत या नळीतून मुंगी सोडायची आहे, का गोळी?"

महाराजांना असं काही हसू फुटलं, की मुंगी उडून दिवाणजींच्या पागोट्यावर पडली. हसत हसतच त्यांनी बंदूक भरून मागितली आणि अंगणातल्या खांबावरच्या मडक्यावर झाडली. मडक्याच्या ठिकऱ्या! भिवजीला कारखान्याशेजारी दगडी घर मिळालं, गोजराच्या हातात सोन्याचं कडं आलं, आणि नळ्या तपासायचं काम कायमचं तिच्याकडे गेलं.

यातलं मडकं तेवढं मी पदरचं घातलंय. इतकं हसणाऱ्या माणसाचा नेम लागतो होय? गोळी गेली ती थेट मुदपाकखान्यात, आणि त्या दिवशी सगळ्या दरबारानं वरणावाचून भात खाल्ला.