भिंतीतली खिडकी

“...म्हणजे माझी भिंत फोडली, तरी मी हसत राहायचं?”

विचारताना कारखानीसच्या पेल्यातली कॉफी हिंदकळली.

साताऱ्याहून अमेरिकेत वास्तुकला शिकायला आलेला हा मुलगा हुशार होता; आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याने आखलेलं पहिलंवहिलं घर नुकतंच उभं राहिलं होतं, आणि घरमालकिणीने त्याच्या सलग विटांच्या भिंतीत परस्पर खिडकी पाडून घेतली होती.

“त्या घराला मी माझं नाव लावणार नाही, सर.”

विटकॉम्ब सरांचा जन्म इमारती उभारण्यात आणि मुलांना शिकवण्यात गेला होता. त्यांनी कोट चढवला, गाडीची किल्ली घेतली.

“चल.”

बर्फातून वाट काढत गाडी एका लहानशा गावात, वाचनालयासमोर थांबली. सरांचं नाव झालं ते याच इमारतीने. तिची लांबलचक कोरी भिंत कारखानीसने कितीदा तरी कागदावर गिरवली होती.

तो आत शिरला आणि जागीच थबकला.

भिंतीच्या ऐन मध्यावर खिडकी! चौकटसुद्धा वाकडी.

“हे कोणी केलं?” तो जवळजवळ ओरडलाच.

“आम्ही गावकऱ्यांनी,” खिडकीशी विणत बसलेल्या आजीबाई म्हणाल्या. “बांधणारा विसरला होता.”

“विसराळूच तो,” सर म्हणाले.

“तुम्ही ओळखता त्याला?”

“थोडाफार...”

आजीबाईंनी लोकरीचा गुंडा उचलून बाकावर जागा केली. सर टेकले. बाहेर तळं गोठलं होतं आणि अर्धं गाव त्यावर घसरत होतं. एक जाडजूड गृहस्थ ऐटीत गिरकी घ्यायला गेले आणि सपशेल आडवे झाले. आजीबाई खिदळल्या. पुस्तकं तशीच उघडी टाकून चार वाचक धावत आले. सर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्या गर्दीत कारखानीसही कधी घुसला, कधी हसू लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

बाहेर पडताना मात्र त्याला राहवलं नाही.

“सर... पण आता ही इमारत तुमची राहिली का?”

सरांनी वळून वाचनालयाकडे पाहिलं.

“आज झाली.”