आबांचा फवारा

समुद्राला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. देवमाशांच्या एका कळपात रीत होती की नव्या बाळानं पहिला श्वास थोरल्याच्या फवाऱ्यात घ्यायचा. तोच आशीर्वाद.

थोरले आबा डोंगराएवढे होते. पण किनाऱ्यावरून वाऱ्यानं आलेला बुरशीचा एक कण, डोळ्यांना दिसणारही नाही असा, त्यांच्या फुप्फुसात रुजला होता. त्यांच्या खोकल्यानं लाटा उठायच्या. मागच्या दोन बाळांनी त्यांचा आशीर्वाद घेतला आणि खोकत खोकत तळाला गेली. जाणते म्हणाले, "नशीब!" नशीब कसलं?

कळपातल्या लहानग्या लाटीच्या आईला बाळ झालं. ती त्याला आबांकडे ढकलू लागली, तशी लाटी आडवी आली.

"आई, तिकडे नको. आबांच्या श्वासात रोग आहे, मागची दोन्ही बाळं त्यानंच गेली."

"कार्टे, तोंड सांभाळ!" आबा गरजले आणि खोकत सुटले.

"आधी खोकून घ्या, मग ओरडा," म्हणत लाटीनं बाळाला पाठीवर घेतलं आणि वारा जिकडून येत होता त्या बाजूला पाण्यावर आणलं.

बाळानं श्वास सोडला. ओंजळभर फवारा उडाला आणि त्यात इवलंसं इंद्रधनुष्य उमटलं. अख्खा कळप थक्क होऊन बघत राहिला.

 पुढचा श्वास घ्यायला आबा वारा जिकडे जात होता त्या बाजूला, सगळ्यांपासून लांब गेले.