नावाड्याला पाण्याची भीती

नदीकाठच्या एका गावात एक आळशी माणूस राहत होता. दुकान टाकलं, बुडालं. शेती केली, तण माजलं. शेवटी त्याने कपाळाला गंध लावलं, काखेत पंचांग मारलं आणि घाटावर भविष्य सांगायला बसला. ज्याला स्वतःचं आज निभावत नव्हतं, तो दुसऱ्याचं उद्या सांगू लागला! आणि लोकही हात पुढे करून रांगेत बसले.

त्याची रीत सोपी होती. ज्याचा जो धंदा, त्याचीच त्याला भीती घालायची. कुंभाराला आव्याच्या आगीची, गवळ्याला गोठ्याची. मग ग्रहांची शांत करायला दक्षिणा मागायची.

एक दिवस गावचा एकुलता एक नावाडी आला. जोशीबुवा डोळे मिटून म्हणाले, "पाण्यापासून घात आहे. पौर्णिमेपर्यंत नाव सोडलीस तर तुझा मुलगा हातचा जाईल. शांत करून घे."

शांत करण्याची नावाड्याची ऐपत कुठली? त्याने नाव काठाला बांधून टाकली. घरातली चूल थंडावली. पैलतीरी बाजाराला जाणारी भाजी अलीकडच्या काठावरच कुजली. बुवांना त्याचं काय? त्यांच्यापुढे दक्षिणा पडतच होती.

आणि एका सकाळी बुवांच्याच मुलीला साप चावला. वैद्य पलीकडच्या गावात. बुवा तिला उचलून धावत घाटावर आले.

"नाव सोड, लवकर!"

नावाड्याने हात जोडले. "म्हाराज, तुमीच सांगितलंत. माझं पोर जाईल."

"अरे, ते मी असंच सांगितलं होतं! खोटं होतं ते!"

नावाडी मागे सरकला. "आता पोरीपायी खोटं बोलताय तुमी. माझ्या लेकराचा जीव मी पणाला कसा लावू?"

बुवांनी पाय धरले, शपथा घेतल्या. पण नावाडी दोराला हात लावेना.

तेवढ्यात त्याची बायको तावातावाने पुढे आली. "असंच सांगितलं व्हय? आमची चूल असंच इझली? लेकरं असंच उपाशी निजली?" तिने दोर सोडला आणि वल्हं उचललं. "माझा हात तुमी बघितला न्हाई, म्हणून मला पाण्याचं भ्या न्हाई. बसा! तुमच्यासाठी न्हाई, ह्या लेकरासाठी नेते."

मुलगी वाचली. बुवांनी गंध पुसलं आणि घाट सोडला. पण रोज सकाळी ते नावाड्याच्या दारात जाऊन सांगत, "बाबा, ते खोटं होतं रे, सोड नाव."

नावाडी तितक्याच आदराने हात जोडायचा आणि म्हणायचा, "पौर्णिमा होऊ द्या, म्हाराज."

तोवर नाव त्याची बायकोच चालवत होती.

तात्पर्य एवढंच, की पोटासाठी हवा तो धंदा करा, पण लोकांच्या मनात भीती घालण्याचा करू नका. एकदा घातलेली भीती घालणाऱ्याच्या बापालाही काढता येत नाही.