उशीचं पोट

समुद्रापलीकडच्या थंडगार मुलखात, राजेराण्यांच्या काळात, एक थोरली राणी होती. नवरा कधीच गेलेला, गादीवर मोठा मुलगा. बाई अशी संशयी, की ताट समोर आलं की आधी वाढणारीचं तोंड बघायची.

मुलासाठी तिने शेजारच्या राज्यातली मुलगी केली. त्या राज्याशी लढून लढून सगळे थकले, म्हणून ही सोयरीक. सून ओदिल सीमेवर आली तेव्हा तिथल्या रीतीप्रमाणे तिचे माहेरचे कपडे उतरवून घेतले, दासी परत पाठवल्या, अंगावर सगळं सासरचं चढवलं. तरी थोरली म्हणाली, "कपडे बदलले. आतली बाई कोण बदलणार?"

पुढे राजा शिकारीत घोड्यावरून पडून मेला. सुनेने डोळे पुसत सांगितलं, "सासूबाई, मला दिवस गेलेत."

मुलगा झाला तर तो राजा. नाहीतर गादी धाकट्या दिराची. हा दीर ड्यूक होता, गोडबोल्या, येता-जाता आईच्या हाताचं चुंबन घेणारा. त्याच्यावर थोरलीने कधी संशय घेतला नाही. पोटचा ना!

सुनेकडे मात्र तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिथल्या बायका वेताच्या कड्या घातलेले घेरदार झगे घालायच्या. त्यात काय मावणार नाही?

"उशी बांधली असेल पोटाला," ती दासीला म्हणाली. मग स्वयंपाकिणीला म्हणाली. मग चर्चमध्ये शेजारी बसलेल्या सरदारणीला. महिनाभरात साऱ्या दरबारात तेच.

"एकदा हात लावून तरी बघा, बाळ लाथा मारतंय," सून काकुळतीला यायची.

"तुमच्या माहेरी उशांनाही लाथा मारायला शिकवत असतील," थोरली म्हणायची.

कळा सुरू झाल्या. त्या राज्यात राणी बाळंत होताना मोठे सरदार खोलीत उभे राहायचे. बाईची लाज गेली खड्ड्यात, पण मूल बदललं नाही याला साक्षीदार हवेत! सरदार लांब झगे पांघरून दाराशी जमले.

थोरलीची नजर त्या झग्यांवर गेली. एखाद्याने आत पोर लपवून आणलं तर?

"एकानेही आत यायचं नाही! मी आणि माझी सुईण, बस्स."

सून पलंगावरून ओरडली, "सासूबाई, येऊ द्या त्यांना! बघू द्या सगळ्यांना!"

"का गं, एवढी घाई? कोणाच्या झग्यात आहे पोर?"

असं म्हणून तिने दाराला कडी घातली.

मुलगा झाला. थोरलीने तो स्वतःच्या हातांनी उचलला. म्हणजे सगळं खरं होतं! ती तशीच बाहेर धावली. "माझा नातू! तुमचा राजा! मी डोळ्यांनी पाहिलाय!"

नव्या राजाला मान म्हणून कुणीही डोक्यावरची टोपी काढली नाही.

एक म्हातारा सरदार म्हणाला, "राणीसाहेब, उशीचं आम्हाला तुम्हीच सांगितलंत."

"चुकले मी!"

"आणि आज दार लावून तुम्ही एकट्यांनीच पाहिलंत. सुईणही तुमचीच."

ड्यूक पुढे झाला. आईच्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "आईसाहेब, इतके महिने तुम्ही खोटं बोलत होतात? छे! तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही."

मुकुट त्याच्या डोक्यावर गेला. ओदिलला तान्ह्या बाळासकट गाडीत बसवून सीमेकडे हाकललं. थोरली चिखल तुडवत गाडीमागे धावली आणि खिडकीला लोंबकळली. "तुझंच गं ते बाळ! माझाच नातू! देवाशपथ सांगते!"

ओदिलने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"मला कशाला सांगता? मी त्याची आई आहे. त्यांना सांगा," ती म्हणाली, आणि तिने पडदा ओढून घेतला.

तात्पर्य काढायचं तर असं: घरच्या माणसाबद्दल चारचौघांत जो संशय आपण पसरवतो, तो पुढे आपण खरं बोललो तरी मागे घेता येत नाही.