समुद्राकडची भिंत

बंदराला लागून असलेल्या मेटवाडीतल्या एकवीस घरांनी टॉवरच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. अडून बसली होती ती एकटी आवडाकाकी. तिचं घर नेमकं मधोमध, त्यामुळे टॉवर बांधणाऱ्या नेरूरकर शेठना पाया खोदता येईना.

शेवटी शेठ स्वतःच वाडीतल्या बायाबापड्यांना घेऊन तिच्या ओसरीवर आले. समुद्राकडची खिडकी विटांनी बुजवलेली पाहून त्यांना हसू आवरेना.

"अडाणी ते अडाणीच! अहो काकी, या समुद्रावर लोक जीव टाकतात. सातव्या मजल्यावर घर देतो. प्रत्येक खिडकीत समुद्र!"

"माका समुद्र दिसाक नको," काकी म्हणाली. "तसा घर तुमी माका देशात?"

"एवढंच ना? सगळ्यांसमोर शब्द देतो. त्या बाजूला भिंत घालून देतो!"

"ती भिंत माझ्याकडे आसाच, शेटानू. पोराची होडी परत येतली म्हणान तेरा दिवस त्या खिडकीत बसललंय. चौदाव्या दिवशी घातलंय ती."

शेठची मान खाली गेली. मागे उभ्या बायकांपैकी तिघींच्या घरांना तशाच भिंती होत्या. त्या तिघींनी आपापले कागद परत मागितले.