कड नसलेला मळा

"पुन्हा कडेचे वेल करपले?" राजा रणधवल पानमळ्याच्या बांधावरून गरजला. "वाळलेली ओळ उपटायला सांगितली होती ना?"

"उपटली, सरकार," माळी सटवाजी म्हणाला. "मग तिच्या आतली करपली. ती उपटली, तर तिच्याही आतली!"

"म्हणजे तू कडेला पाणीच सोडत नाहीस! चोरतोस! उद्या कड नसलेला मळा करून दाखव, नाहीतर मळा सोड!"

प्रधानांनी मान डोलावली. त्याचाच त्यांना तनखा मिळे.

सटवाजीचे तोंड उतरले. त्याची मुलगी हौसा मात्र पुढे सरसावली. "करते की, महाराज! पण आधी तुम्ही कड नसलेला दरबार भरवा. उद्या भर दुपारी, शेजारच्या उघड्या माळावर. नमुना बघितल्याशिवाय काम कसं करू?"

राजाला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी माळावर दरबार भरला. मधोमध बसायला मानकऱ्यांची ही झुंबड! हौसाने राजाला मध्ये बसवले, भोवती दाटीवाटीने बाकीच्यांना.

"प्रधानजी, तुम्ही अगदी कडेला. दरबाराची शोभा लांबून दिसायला नको?"

मग तिने प्रत्येकाच्या अंगावर चिंब भिजवलेले उपरणे घातले. तापल्या माळावरून झळा येऊ लागल्या. थोड्याच वेळात प्रधानांचे उपरणे पापडासारखे कडकडीत वाळले, तोंड लालबुंद झाले. राजाच्या उपरण्यातून मात्र अजून पाणी ठिबकत होते.

"वा! काय गारवा आहे!" राजा म्हणाला.

"असणारच! वारा प्रधानजींचा ओलावा पिऊन, निवून मग तुमच्याकडे येतोय. आता सांगा, प्रधानजींनी पाणी चोरलं का?"

"छे! सगळ्यांना सारखं भिजवलंस, मी पाहिलं ना!"

"मग माझ्या आबांनी तरी कुठं चोरलं?"

राजाने मिशीला पीळ दिला. इतक्यात हार मानेल तो राजा कसला! "ते असू दे. पण ही कड आत्ता काढून दाखवतो. प्रधानजी, उठा!"

प्रधान कधी नव्हे इतक्या चपळाईने उठले.

"उठवा, महाराज!" हौसा म्हणाली. "आता सेनापती कडेला आले. त्यांनाही उठवा. असे उठवत चला, म्हणजे शेवटी तुम्ही एकटेच उराल. मग तुम्हीच मध्य आणि तुम्हीच कड!"

राजा पोट धरून हसला.

"सटवाजी, मळा तुझाच! आणि हौसा, हा माळ तुला इनाम. इथे शेवरी लाव, हडगा लाव, मळ्याच्या कडेला झाडांची दाट भिंत उभी कर आणि त्या वाऱ्याला वाटेतच काय पाजायचं ते पाज!"